श्वासाचं धुकं आणि हातातला टॉर्च



माझ्या उजव्या हातात हे डस्टर आहे, फळा पुसायचं. डाव्या हातात टॉर्च आहे. पुढचा अर्धा तास तुम्ही या डस्टरलाच पिस्तूल समजायचं. प्लॅस्टिकचं खोटं पिस्तूल आणता आलं असतं, पण व्हिडिओतला दहा सेकंदांचा तुकडा कापून कोणीतरी कुठेतरी टाकतो आणि मागचं-पुढचं कोणी ऐकत नाही. त्यापेक्षा डस्टर बरं. टेबलावर चहाची किटली आहे, चांगली उकळलेली आहे, पण चहा कोणालाही मिळणार नाही. तिचं काम मधे येईल.

विषय असा आहे: कडाक्याची थंडी, अंधार, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात पिस्तूल. हा विषय आपल्याकडचा नाही हे आधीच कबूल करतो. आपल्याकडे परवाना मिळवतानाच माणूस थकतो. पिस्तूल नेमबाजी म्हटली की आपल्याला कोल्हापूरची राही सरनोबत आठवते: लख्ख उजेडातली रेंज, पंचवीस मीटरवरचं लक्ष्य, एक हात सरळ. मी सांगतोय ते अमेरिकेतलं आहे. नोकरीसाठी मी बरीच वर्षं मिनेसोटात होतो, आणि ग्रीन कार्ड झाल्यावर तिथल्या एका क्लबात जायला लागलो. मी पोलीस नाही, फौजेत नव्हतो. हौशी माणूस आहे, आणि माझं जे चुकलं ते सांगायला आलोय.

मिनेसोटात डिसेंबरमध्ये दिवस पावणेनऊ तासांचा होतो. अलास्कातल्या फेअरबँक्सला तर पावणेचार तासांपेक्षाही कमी. म्हणजे तिकडे थंडी आणि अंधार जोडीनेच येतात. घरामागे खुडबुड झाली, कुत्रा भुंकला, तर बाहेर बघायला जाणारा माणूस बहुतेक वेळा अंधारातच जातो आणि अंगावर जाडजूड जॅकेट घालून जातो. पण टॉर्च धरायच्या ज्या पद्धती शिकवल्या जातात, त्यातल्या बऱ्याचशा कॅलिफोर्नियासारख्या उबदार मुलखात, पातळ बाह्यांच्या शर्टांत तयार झाल्या. गोम तिथेच आहे.

आता माझी गोष्ट. तिकडे आयडीपीए नावाची एक सामना-पद्धत आहे, १९९६ मध्ये सुरू झालेली. त्यात गोल चकत्यांवर नेम धरायचा नसतो. प्लायवूडच्या भिंती, दारं उभी करून एक प्रसंग रचलेला असतो आणि त्यात पुठ्ठ्याची माणसं असतात. काहींवर शस्त्राचं चित्र असतं. काहींवर उघडे पंजे रंगवलेले असतात. उघडे पंजे म्हणजे हा निरपराध. त्याला गोळी लागली तर तुमच्या वेळेत पाच सेकंदांची भर. क्लब कधीकधी असे सामने रात्रीही ठेवतात, टॉर्च घेऊन.

जानेवारीतली रात्र होती, पारा उणे सतरा. वारा अजिबात नव्हता. हे वारा नसणं लक्षात ठेवा. प्रसंग असा होता की तुम्ही गाडीपासून धावत घराच्या मागच्या बाजूला येता आणि कोपऱ्यावरून आत बघता. मी धावलो. कोपऱ्यावर थांबलो. टॉर्च असा, जबड्याखाली मानेला टेकवून धरलेला होता, तेव्हा मी तसाच धरायचो. बटण दाबलं आणि समोर पांढरा पडदा. पडदा म्हणजे माझाच श्वास. धापा टाकत होतो, तोंडातून ढग निघत होते, आणि मी त्या ढगांवर प्रखर टॉर्च मारत होतो. पडद्यापलीकडे माणसाच्या आकाराचं काहीतरी दिसलं. मी दोन गोळ्या झाडल्या. दोन्ही छातीच्या मधोमध, तळहाताएवढ्या जागेत.

मोठे दिवे लावल्यावर पाहिलं, पंजे उघडे होते.

सेफ्टी ऑफिसर साठीच्या पुढचा माणूस. काही बोलला नाही, दंड लिहून घेतला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. सामन्याचं मला काही वाटलं नाही, तसाही मी कधी पहिल्या दहांत नसायचो. पण परत येताना गाडीत हीटर लावून बसलो आणि हात थांबेनात. माझा मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. रात्री उशिरा यायचा, आणि आई उठू नये म्हणून मागच्या दाराने यायचा.

त्यानंतर वर्षभर मी हा एकच विषय घेऊन बसलो. टॉर्च कसा धरायचा, आणि उणे सतरामध्ये त्या धरण्याचं काय होतं.

आधी थोडा इतिहास, कारण प्रत्येक पद्धत कोणत्या तरी गरजेतून आली आहे. सगळ्यात जुनी एफबीआयची म्हणून ओळखली जाते. डावा हात अंगापासून लांब, बाजूला आणि थोडा पुढे, कधी डोक्याच्या वर. असा. उजव्या हातात एकट्याने पिस्तूल. विचार सरळ आहे: समोरचा उजेडावर गोळी झाडेल, तर उजेड माझ्यापासून लांब असलेला बरा. हात थोडा पुढे ठेवायचा, नाहीतर आपणच आपल्या उजेडात न्हाऊन निघतो. तोटा असा की हात दुखून येतो, आणि पिस्तूल एका हातात राहतं.

मग १९५० च्या दशकाच्या शेवटी लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्यातल्या जॅक वीव्हरने बिग बेअरच्या सामन्यांत दोन्ही हातांनी पिस्तूल धरून सगळ्यांना मागे टाकलं. एक हात पुढे ढकलतो, दुसरा मागे ओढतो, त्या ताणातून पिस्तूल स्थिर होतं. दोन हातांची चटक लागल्यावर प्रश्न आला: टॉर्च कुठे धरायचा? १९७० च्या दशकात मायकेल हॅरिसने उत्तर काढलं. टॉर्च खलबत्त्यातल्या बत्त्यासारखा मुठीत धरायचा, उजेडाचं तोंड करंगळीकडून बाहेर. मग टॉर्चचा हात पिस्तुलाच्या हाताखालून पलीकडे न्यायचा आणि दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींवर दाबायच्या. हे बघा. मनगटांची फुली होते आणि वीव्हरचाच ताण इथेही तयार होतो. मोठा पोलिसी टॉर्च असेल तर त्याचा दांडा उजव्या हातावर टेकतोसुद्धा.

याच काळात अंगावर बटण असलेले लांब धातूचे टॉर्च रुळले. मॅगलाइट १९७९ चा. आपल्या गावाकडे तीन सेलांची बॅटरी असायची ना, टॉर्चला आम्ही बॅटरीच म्हणायचो, तिचाच हा दणकट भाऊ. अशा टॉर्चसाठी रे चॅपमन आणि मसाद अयूब यांच्या नावाच्या पद्धती आहेत, दोन्हींत टॉर्च पिस्तुलाच्या शेजारी येतो. चॅपमन म्हणजे १९७५ चा पहिला जागतिक प्रॅक्टिकल पिस्तूल विजेता. या दोन पद्धतींवर मी वेळ घालवत नाही, कारण आज बटण बहुतेक टॉर्चच्या शेपटाला असतं. शेपटाच्या बटणासाठी बिल रॉजर्सची पद्धत आहे: टॉर्च तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधे, इंजेक्शनच्या सिरिंजसारखा, आणि तळहाताने मागचं बटण दाबायचं. उरलेली बोटं पिस्तुलाची मूठ धरायला मोकळी. मानेजवळ टेकवायची पद्धत त्यानंतर फार लोकप्रिय झाली, आणि उगाच झाली नाही. टॉर्च डोळ्यांच्या रेषेत येतो, मान वळेल तिकडे उजेड वळतो, पिस्तूल छातीजवळ ठेवता येतं. उन्हाळ्यात मला अजूनही हीच आवडते.

आता किटली. जरा हॉलमधले दिवे कमी करता का? थँक्यू.

झाकण काढतो. वाफ वर येतेय, तुम्हाला जेमतेम दिसत असेल. मी किटलीच्या मागे उभा राहतो, म्हणजे वाफ माझ्या तोंडासमोर आली. आता टॉर्च जबड्याखाली. लावला. तुम्हाला माझा चेहरा दिसतोय. मला तुम्ही दिसत नाही, पहिली रांगसुद्धा नाही. नुसतं पांढरं. आता मी काहीच बदलत नाही, टॉर्च तोच, किटली तीच. फक्त हात लांब करतो, डावीकडे, कमरेच्या उंचीला. बघा. आता मला तिसऱ्या रांगेतल्या काकांचा चष्मा दिसतोय, पाचव्या रांगेत कोणीतरी मोबाईल बघतंय तेही दिसतंय.

दिवे लावा. थँक्यू.

दिल्ली, नोएडा, लखनौला राहणाऱ्यांना हे नवीन नाही. जानेवारीत यमुना एक्स्प्रेसवेवर धुक्यात हाय बीम लावून बघा, समोर भिंत उभी राहते. पाण्याच्या बारीक थेंबांवरून उजेड उलटा फिरून डोळ्यांत येतो. दिवा डोळ्यांच्या जितका जवळ, तितका तो परतीचा उजेड थेट डोळ्यांत. म्हणून गाडीचे फॉग लॅम्प खाली, बंपरजवळ असतात. मानेला टेकवलेला टॉर्च म्हणजे डोळ्यापासून वीतभर अंतरावरचा दिवा, आणि त्याच्यासमोर नाक-तोंड ढग सोडतंय. वारा असेल तर ढग वाहून जातो. त्या रात्री वारा नव्हता. मी उभ्या उभ्या स्वतःच्या धुक्यात बुडालो होतो.

म्हणजे म्हाताऱ्या एफबीआय पद्धतीला थंडीत पुन्हा भाव येतो, आणि तोही मूळ कारणासाठी नाही. लांब धरलेला टॉर्च श्वासाच्या ढगात शिरतच नाही. बर्फ पडत असेल तरी तेच, प्रत्येक भुरभुरा कण आरसा होतो. काही लोकांना हे पटत नाही. ते म्हणतात, श्वास रोखून धरा. ठीक आहे, दोन-तीन सेकंद जमेल. पण धावून आलेला, घाबरलेला माणूस श्वास रोखतो तेव्हा पुढचा श्वास आणखी मोठा ढग घेऊन येतो. त्यापेक्षा टॉर्च क्षणभर लावायचा, विझवायचा, आणि एक पाऊल बाजूला सरकायचं. ढग मागे राहतो, आणि तुमची जागाही बदलते.

आता हॅरिसकडे या. ही पद्धत मी खूप घोटली होती, उन्हाळ्यात. हिवाळ्यात जाड जॅकेट घालून केली तर दोन्ही बाह्या एकमेकींवर घसरतात. मनगटांच्या फुलीच्या जागी उशीवर उशी. हातांच्या पाठी दाबल्या आहेत का हे कापसाच्या हातमोज्यांमधून कळतच नाही. आणि या पद्धतीत एक जागा अशी आहे जिथे न कळणं महाग पडतं. टॉर्चचा हात पिस्तुलाखालून पलीकडे जातो. आधी पिस्तूल पुढे जायला हवं, मगच हात खालून. क्रम चुकला, तर तुमचा डावा हात क्षणभर तुमच्याच नळीसमोर येतो. उघड्या हातांनी, सरावाने हे आपोआप होतं. बधिर हातांनी ते आपोआप होईल असं मी समजणार नाही. मी हिवाळ्यात हॅरिस सोडून दिली. माझ्यापेक्षा चांगले लोक ती सोडत नाहीत, तो त्यांचा प्रश्न.

रॉजर्सची सिरिंज तर हातमोज्यात मला जमलीच नाही. दोन जाड बोटांच्या मधे टॉर्च धरला की तो तिथून निसटायला बघतो. उघड्या हाताने धरावा, तर ॲल्युमिनियम इतक्या झपाट्याने ऊब ओढून घेतं की मिनिटभरात बोटं आपली राहत नाहीत.

बोटांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. गोठणं फार पुढची गोष्ट आहे. बोटांच्या त्वचेचं तापमान साधारण पंधरा अंशांच्या खाली गेलं की बारीक कामं बिघडायला लागतात. शर्टाचं बटण लावता येत नाही, किल्ली भोकात जात नाही. आणखी खाली, आठ अंशांच्या आसपास, स्पर्शच बोथट होतो. लेहला हिवाळ्यात गेलेल्यांना, केदारकंठाच्या बर्फात तंबूची झिप उघडायला बसलेल्यांना हे ठाऊक आहे. तुम्हाला वाटतं बोट अमुक ठिकाणी आहे, आणि ते भलतीकडेच असतं.

आणि आता या सगळ्यातला मला सर्वांत भीतीदायक वाटणारा भाग. आपले दोन हात एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नाहीत. एका हाताने जोर लावून काही आवळलं की दुसऱ्या हाताचे स्नायूही थोडे आवळले जातात. आत्ता करून बघा. डाव्या हाताची मूठ जोरात वळा आणि उजवा हात सैल ठेवा. जाणवतंय? दचकल्यावर हे आणखी वाढतं. रॉजर एनोका या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच नकळत सुटणाऱ्या गोळ्यांच्या संदर्भात यावर लिहिलं आहे. आता जुळवून बघा: डाव्या हातात टॉर्च, हातमोजा जाड, बटण दाबलं गेलं की नाही कळत नाही, म्हणून माणूस आणखी जोरात दाबतो. उजव्या हाताची तर्जनी त्या वेळी कुठे आहे? चापावर असेल, तर डाव्या हाताचं दाबणं उजव्या हातात पोहोचू शकतं.

म्हणून बोट सरळ, चापाच्या बाहेर, पिस्तुलाच्या अंगावर. गोळी झाडायचा निर्णय होईपर्यंत तिथेच. हा नियम प्रत्येक क्लबात पहिल्या दिवशी शिकवतात, मी नवीन काही सांगत नाही. थंडीतली नवीन गोष्ट अशी की बोट खरंच बाहेर आहे का, हे बोट तुम्हाला सांगणार नाही. जाड हातमोज्याचं टोक ट्रिगर गार्डच्या आत शिरलं तरी कळत नाही. मी त्यासाठी उजव्या हातात पातळ, अंगासरशी बसणारा मोजा घालायला लागलो आणि त्यावर बोटं नसलेली मोठी पिशवीसारखी मिटन. गरज पडली की मिटन दातांनी ओढून काढायची. डाव्या हातात हवा तेवढा जाड मोजा, कारण डाव्या हाताला फक्त बटण दाबायचं आहे. त्यातही बटण शेपटातून चांगलं बाहेर आलेलं हवं. शेपटात खोल बसलेली नाजूक बटणं दुकानात छान दिसतात. दुकानात हातमोजा घालून दाबून बघा.

कोणीतरी म्हणेल, एवढी उठाठेव कशाला? टॉर्च पिस्तुलावरच बसवून टाका, तसे टॉर्च मिळतात. मिळतात, आणि गोळी झाडताना दोन्ही हात मुठीवर राहतात हा फायदा खरा आहे. पण मग बघायचं म्हणजे पिस्तूल रोखायचं. अंगणात कोण आहे हे बघायला मी माझ्या मुलावर नळी रोखायची? शिवाय बटणाचा घोटाळा तिथेही आहेच. टेक्सासमधल्या प्लेनो शहरात २०१० मध्ये एका पोलिसाने पिस्तुलावरच्या टॉर्चचं बटण दाबायला गेल्याचं सांगितलं, आणि दाबला गेला होता चाप. समोरचा माणूस मेला. ती टॉर्चची रचना, तिचं बटण मुठीवर असणं, यावर नंतर तिथे खूप वाद झाला. पोलिसांची गरज वेगळी असते, त्यांनी काय वापरावं हे सांगणारा मी कोणी नाही. घरातल्या माणसाकडे पिस्तुलावर टॉर्च असला तरी हातातला वेगळा टॉर्च असायलाच हवा, एवढं मात्र मी ठासून म्हणतो. अमेरिकन नेमबाजीला शिस्त लावणाऱ्या जेफ कूपरचे चार सुरक्षा-नियम प्रसिद्ध आहेत. त्यातला एक आहे की जे नष्ट करायचं नाही त्यावर नळी येऊ द्यायची नाही, आणि दुसरा की लक्ष्य काय आहे याची खात्री हवी. अंधारात हे दोन्ही एकदम पाळायचे, तर डोळा आणि नळी वेगळ्या दिशेला ठेवता यायला हव्यात. हातातल्या टॉर्चने ते जमतं.

सेलबद्दल पटकन सांगतो. साध्या अल्कलाइन सेलमध्ये पाण्यात मिसळलेलं रसायन असतं, थंडीत त्याची हालचाल मंदावते. उणे अठरा-वीसला तो सेल जवळपास हात वर करतो. गंमत म्हणजे घरात आणून गरम केला की पुन्हा चालतो, त्यामुळे माणसाला वाटतं टॉर्च बरा आहे, आपलंच काहीतरी चुकलं. एकदा वापरून फेकायचे लिथियम सेल उणे चाळीसपर्यंत चालतील असे बनवलेले असतात. चार्ज होणारे लिथियम-आयन मधे कुठेतरी, आणि ते शून्याच्या खाली चार्ज करू नयेत, खराब होतात. एलईडीला स्वतःला थंडीचा त्रास नाही, उलट तो जरा जास्तच खुलतो. तेव्हा टॉर्च जॅकेटच्या बाहेरच्या खिशात ठेवू नका, आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांनीसुद्धा एवढं घरी घेऊन जायला हरकत नाही.

टॉर्चला दोरीचा फास लावून तो मनगटात घालायचा. दार उघडायला, पडताना भिंत धरायला हात मोकळा लागतो, आणि बर्फात पडलेला टॉर्च रात्री सापडत नाही. माझा एक अजून तिकडेच आहे.

ल्युमेनचं वेड हा वेगळाच आजार आहे. १९८० च्या दशकानंतर शुअरफायरचा ६पी नावाचा खिशातला टॉर्च प्रसिद्ध होता, ६५ ल्युमेनचा, आणि त्या काळी तो डोळे दिपवणारा म्हणून ओळखला जायचा. आज हजार ल्युमेन कोणीही घेतो. माझाही हजाराचाच होता त्या रात्री. धुक्यात, बर्फात, पांढऱ्या भिंतीसमोर हजार ल्युमेन म्हणजे स्वतःच्या डोळ्यांवर मारलेला फ्लॅश. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, आणि ते सगळं एका क्षणात जातं. मग टॉर्च विझवला की तुम्ही आंधळे आणि समोरचाही आंधळा.

आता शेवटची गोष्ट, आणि ही मला कोणत्याही कोर्समध्ये शिकवली नव्हती. ती मला बर्फ साफ करताना कळली. मिनेसोटात हिवाळ्यात रोज सकाळी, अंधारातच, गाडीच्या वाटेवरचा बर्फ फावड्याने ढकलावा लागतो. एकदा टॉर्च दोरीने मनगटाला लटकत होता, चालूच राहिला होता, तोंड खाली. आणि माझ्या लक्षात आलं की मला सगळं अंगण दिसतंय. शेजाऱ्याची टपालपेटी, कुंपण, कुंपणावरची मांजर. ताजा बर्फ पडलेल्या उजेडापैकी ऐंशी-नव्वद टक्के परत फेकतो. टॉर्च जमिनीवर मारला की जमीनच दिवा होते, लग्नातल्या फोटोग्राफरच्या पांढऱ्या छत्रीसारखी. उजेड मऊ असतो, सगळीकडे पसरतो, श्वासाच्या ढगावर आदळत नाही. आणि यात कोणावर काही रोखावं लागत नाही. घरात हेच छतावर टॉर्च मारून करतात, ते शिकवतातही. बाहेर बर्फावर करायचं मला तरी कोणी सांगितलं नव्हतं. अर्थात यात तुम्हीही उजळता, समोरच्याला दिसता. अंगणात कोण आहे हे आधी ओळखायचं असेल, तर मला तो सौदा मान्य आहे. ज्याचा मुलगा मागच्या दाराने येतो, त्याला मान्य व्हावा.

मी महिनाभर घरी सराव केला. पिस्तूल तिजोरीत, हातात टीव्हीचा रिमोट, अंगात जॅकेट, हातमोजे, मफलर. बायको म्हणाली, कोणी बघितलं तर पोलीस बोलावतील. पहिल्यांदा बटण सापडायला सात-आठ सेकंद लागायचे. मुलाला सांगून ठेवलं की उशिरा येशील तेव्हा पुढच्या दाराने ये आणि आधी फोन कर. तो हसला, पण फोन करायला लागला.

पुढच्या जानेवारीत तोच क्लब, जवळपास तोच प्रसंग, उणे चौदा. धावत कोपऱ्यापर्यंत आलो. पिस्तूल छातीशी, नळी खाली, बोट बाहेर. डावा हात कमरेपासून लांब केला आणि टॉर्च बर्फावर मारला. तोंडातून ढग निघत होते, ते आपले वर निघून जात होते. तीन आकृत्या दिसल्या. दोघांवर शस्त्र. तिसरा दारामागे अर्धा झाकलेला होता, हात दिसत नव्हते. मी थांबलो. एक पाऊल डावीकडे सरकलो, पुन्हा बर्फावर उजेड टाकला, तेव्हा दाराच्या कडेला एक रंगवलेला पंजा दिसला, पाच बोटं.

दोघांवर झाडल्या, तिसऱ्याला सोडलं. वेळ भयंकर लागला. सेफ्टी ऑफिसर तोच होता, या वेळीही काही बोलला नाही. निकालात मी शेवटून तिसरा आलो.

प्रश्न असतील तर विचारा. डस्टर मी खाली ठेवतो.